बाविसावा कागद

बू तुतिक, म्हणजे तुतिकबाई, यांना कॉम्प्युटरचा मनापासून कंटाळा आहे. हे कुणाला सांगून पटत नाही, कारण जोग्जा शहराच्या उत्तरेकडच्या आठदहा वस्त्यांत कुठलाही जुना कॉम्प्युटर रुसून बसला की लोकांना पहिली आठवण त्यांचीच येते. वॉर्ड ऑफिसात स्क्रीन काळी पडली, बोलवा बू तुतिकना. शाळेत वायफाय सापडेना, बोलवा बू तुतिकना. मशिदीच्या समितीतल्या कुणी तरी अपडेटच्या बटणावर उगाच बोट ठेवलं आणि सगळी अक्षरं मुंगीएवढी झाली, तरी पुन्हा त्याच. आणि या येतात. वय त्रेपन्न, गुडघे कुरकुरणारे, चेहऱ्यावर "आता काय केलंत?" हा कायमचा प्रश्न. बुडाखाली जुनी स्कूटर आणि सीटखालच्या खणात एक रेनकोट, पाचसहा पेनड्राइव्ह, वायरींचा गुंता आणि खाऊन झालेल्या भज्यांचे कागद. रस्त्यावर कचरा टाकायचा नाही असा त्यांचा बाणा आहे. तो कचरा खणात कोंबायचा आणि विसरून जायचं, हाही त्याच बाण्याचा भाग.

हे लिनक्स नावाच्या फुकट संगणकप्रणालीचं लचांड त्यांच्या गळ्यात पडलं ते वीस वर्षांपूर्वी. तेव्हा त्या आणि त्यांचा नवरा मिळून इंटरनेटचं दुकान चालवत. बारा कॉम्प्युटर, प्लायवुडच्या बारा खोपट्या. एके दिवशी चोरीच्या सॉफ्टवेअरवर धाडी पडणार अशी आवई उठली आणि गल्लीतल्या प्रत्येक दुकानदारानं आपापली यंत्रं तांदळाच्या पोत्यांत लपवली. नवरा पोती शोधत फिरला. बू तुतिकनी मात्र एका कॉलेजच्या पोराकडून फुकटची, कायदेशीर लिनक्सची चकती आणली आणि तीन आठवडे शिव्या घालत शिकल्या. गिऱ्हाइकंही शिव्या घालत होती. "बू, हे असं का दिसतंय?" "दिसतंय ना? मग वापर." पुढे प्रत्येकाच्या हातात फोन आला, दुकान ओस पडलं, नवरा समुद्रापलीकडे कालिमंतानला कामाला गेला आणि तिथल्या दुसऱ्या घरात रमला. जाताना बारा कॉम्प्युटर मागे ठेवून गेला. "नवऱ्यापेक्षा तेच जास्त टिकले," बू तुतिक सांगतात. सांगताना हसत नाहीत.

त्या बारांपैकी चार आज शिवणक्लासात आहेत.

वस्तीच्या टोकाला बोगनवेलीआड एक घर आहे. बाहेर पाटी आहे, 'शिवणक्लास, प्रवेश चालू'. क्लास खरोखर चालतो. दुपारी आसपासच्या पोरी ब्लाउज बेतायला येतात. पण मागच्या पाच खोल्यांत ज्या बाया राहतात, त्या शिवण शिकायला आलेल्या नसतात. कुणी नवऱ्याच्या तावडीतून सुटून आलेली असते, कुणी दिराच्या, एखादी सख्ख्या बापाच्या. हे घर बू कुस चालवतात. साठीच्या, ठेंगण्या, आवाज असा की गल्लीतल्या कोंबड्याही बिचकाव्यात.

आठ वर्षांपूर्वी त्यांनी बू तुतिकना बोलावलं ते एक कॉम्प्युटर सुरू होत नव्हता म्हणून. तो दहा मिनिटांत सुरू झाला. मग बू तुतिकच्या लक्षात आलं की या घराच्या दाराला कुलपं तीन आणि कॉम्प्युटरचा पासवर्ड एक-दोन-तीन-चार.

"बू कुस, दाराला कुलूप लावलंय, पण घराला भिंतच नाही तुमच्या."

"मग बांध की भिंत, तिक. मला काय कळतंय त्यातलं?"

तेव्हापासून त्या भिंत बांधताहेत, आणि या कामाला शेवट नाही हे त्यांना पहिल्या वर्षीच कळून चुकलं. डिस्क कुलूपबंद केल्या. नवीन आलेल्या बाईचा फोन आधी बंद करायचा आणि मग त्याची कसून झडती घ्यायची. फायलीच्या नावात कुणाचं खरं नाव नको. बाई इथून पुढच्या घरी गेली की तिचा सगळा मागमूस पुसायचा. ती कुठं गेली हे लिहायचं नाही, विचारायचं नाही. पोचवणारी बाई दर वेळी वेगळी, आणि ती परत येऊन सांगणार नाही. "जे आपल्याला ठाऊकच नाही, ते आपल्याकडून कुणी काढून घेऊ शकत नाही," असं बू तुतिक प्रत्येक नवीन बाईला समजावत. शेवटचा नियम साधा होता. छापताना बिघडलेला कागद त्याच दिवशी मागच्या अंगणातल्या पिंपात जाळायचा.

विनार्ती त्या घरात आली ती मुलीला घेऊन, डावा हात गळ्यात बांधून. तिच्या नवऱ्यानं तिला दोनदा शोधून काढलं होतं. पहिल्यांदा फोनवरून. त्यानंच फोनमध्ये काहीतरी घालून ठेवलं होतं, ती कुठं आहे ते त्याला बसल्या जागी दिसायचं. दुसऱ्यांदा मावसबहिणीनं एका जेवणावळीतला फोटो टाकला आणि मागे दुकानाची पाटी आली. हात मोडला तो त्या दुसऱ्या वेळी. आता तिसऱ्यांदा त्यानं दोघींचा फोटो नावासकट सगळ्या ग्रुपांवर सोडला होता, 'माझी बायको आणि लेक हरवली आहे हो, कुणी पाहिली तर कळवा'. आणि आमच्या लोकांना दुसऱ्याचं भलं करायची भारी हौस. डोळे पुसतात आणि पुढे पाठवतात.

मुलगी आठ वर्षांची. नाव गेन्डिस, म्हणजे साखर. सहा महिने शाळा नाही, अंगणापलीकडे जाणं नाही. मग ती तिसऱ्या नंबरच्या कॉम्प्युटरला चिकटली. त्यात चित्रं काढायचा एक खेळ होता. बू तुतिकनी तिला तिचं स्वतःचं खातं उघडून दिलं आणि पासवर्डचा धडाही दिला.

"चार शब्द घ्यायचे. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नको."

"सुचले."

"सांगू नकोस."

"तुम्हालापण नाही?"

"मला तर मुळीच नाही."

"आणि मी विसरले तर?"

"तर चित्रं गेली. मग आपण दोघी रडत बसू."

गेन्डिसला याचं इतकं हसू आलं की ती खुर्चीवरून घसरली. त्यानंतर बू तुतिक दिसल्या की ती तोंडावर बोट ठेवून गंभीर चेहरा करायची. "नाही सांगणार!" बू तुतिकना मुलांचा फारसा लळा नव्हता. पण या मुलीसाठी त्या आठवड्यातून एकदा अधिकची फेरी मारू लागल्या आणि कारण विचारलं तर म्हणायच्या, तीन नंबरचा पंखा आवाज करतोय.

शेवटी गेन्डिसच्या शाळेचं जमलं. जवळच्याच लहानशा शाळेतल्या मुख्याध्यापिकेला सगळं ठाऊक होतं. बाहेर कुठं नाव दिसणार नाही अशी तिनं हमी दिली. फक्त एक पत्र लागणार होतं. मुलीचं नाव, आईचं नाव, मूळ गाव, आताचा पत्ता आणि खाली सहीशिक्का. बू कुसनी ते तयार केलं, छापलं, आणि शिक्षण कचेरीतल्या कारकुनानं ते दोनदा परत पाठवलं. सहीची जागाच कापली गेली होती.

दोष फोलिओचा होता. बाकीचं जग ज्या कागदावर सुखानं जगतं, तो आमच्या कचेऱ्यांना पुरत नाही. त्यांना दोन बोटं जास्त लांब असा फोलिओ कागद हवा असतो. आणि त्या बिचाऱ्या कॉम्प्युटरला हा लांबुडका कागद जगात आहे हेच माहीत नव्हतं. तो आपला शहाण्यासारखा नेहमीच्या लांबीवर थांबायचा आणि नेमकी सही खायचा.

गुरुवारी सकाळी बू तुतिक बसल्या. चाचणीचं पान छापलं, ते उत्तम आलं. पत्र छापलं, सही गायब. म्हणजे चाचणीच्या पानाचा काही उपयोग नाही, पत्रच छापून बघायला हवं. छापलं. मजकूर डावीकडे सरकला. पुन्हा छापलं, आडवं आलं. पुन्हा, तर सगळं एवढंसं होऊन मधोमध बसलं. प्रिंटरनं मधेच शाई ओकली, म्हणून त्याचं पोट उघडून त्याचे अवयव टेबलभर मांडले. शेवटी त्यांनी शिवणाच्या खोलीतून टेप मागवला. गेन्डिसनं एक टोक धरलं.

"वाच."

"साडेएकवीस. आणि लांबी तेहेतीस."

ते आकडे त्यांनी हातानं कॉम्प्युटरला शिकवले आणि पत्र सहीसकट बाहेर आलं. दोन प्रती काढल्या. एक कचेरीसाठी, एक कपाटात. बिघडलेल्या कागदांची चळत हातात होती आणि टेबलावर तसूभर जागा नव्हती, म्हणून ती त्यांनी खाली, ब्लाउजच्या बेताच्या जुन्या कागदांवर ठेवली. जाताना जाळायची होती. तेवढ्यात वॉर्ड ऑफिसातून फोन आला. स्क्रीन काळी, बाहेर लोकांची रांग, साहेब ओरडताहेत. बू तुतिकनी प्रिंटरचं पोट बंद केलं, गेन्डिसच्या डोक्यावर टपली मारली आणि निघाल्या. वॉर्ड ऑफिसात संध्याकाळ झाली. घरी येऊन गुडघ्याला तेल चोळलं, भात खाल्ला, झोपल्या. चळत डोक्यातून पार गेली.

शनिवारी सकाळी स्वयंपाकीण पैनेमनं बेताच्या कागदांचा गठ्ठा नेहमीप्रमाणे उचलला आणि नेहमीप्रमाणे पाक सारमिनच्या, म्हणजे सारमिनकाकाच्या, भज्यांच्या गाडीवर दिला. त्याच्या बदल्यात तो तेम्पेची, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या भज्यांची, पुडी द्यायचा. हा व्यवहार दोघांत वर्षानुवर्षं चालू होता आणि त्यात कुणाचं काही चुकत नव्हतं.

मंगळवारी बू तुतिक वॉर्ड ऑफिसात होत्या. सकाळच्या चहाबरोबर भजी आली. भजी खाण्याइतकीच तिथं मजा असते कागद वाचण्याची. कुणाच्या पुडीत कुणाची उत्तरपत्रिका येते, कुणाच्या पुडीत लग्नाची यादी. मागच्या आठवड्यात गणितात शून्य मिळालेला पेपर आला होता. त्याचा फोटो ग्रुपवर टाकून सगळे आठवडाभर हसले.

"बू, तुमच्यात काय निघालं?" कारकून तोंडात भजं घोळवत म्हणाला. "वाचा की मोठ्यानं!"

बू तुतिकनी पुडी उलगडली. तेलानं पारदर्शक झालेल्या कागदावर आडवी छापलेली ओळ होती. विद्यार्थिनीचं नाव, गेन्डिस. खाली आईचं नाव, खाली पत्ता.

"कोरा आहे," त्या म्हणाल्या आणि कागद घडी करून पदराआड ठेवावा तसा ब्लाउजच्या आत ठेवला. तेल गरम होतं. त्यांना ते जाणवलंही नाही.

कोपऱ्यावर पाक सारमिन कढईत तेम्पे सोडत होता.

"शनिवारी पैनेमनं दिलेले कागद कुठायत?"

"हे काय, आहेत की. झकास कागद, बू! फोलिओ. पाच भजी ऐसपैस बसतात."

"परत दे."

"आँ? मग भजी काय लोकांच्या तळहातावर ठेवू?"

"नवीन कागद आणून देते. कोरे."

"कोऱ्या कागदात भजी? लोक म्हणतील सारमिन माजला!" तो हसला, मग त्यानं बू तुतिकचा चेहरा पाहिला आणि हसायचा थांबला. गठ्ठा मुकाट्यानं काढून दिला.

त्यात तेरा निघाले. ब्लाउजमधला एक. शिवणक्लासात जाऊन त्यांनी प्रिंटरची नोंद उघडली. ही नोंद त्यांनीच चालू ठेवली होती. काय छापलं ते राहत नाही, किती छापलं ते राहतं. चाचणीचं पान सोडून गुरुवारचे चोवीस. त्यातले दोन चांगले. म्हणजे बिघडलेले बावीस, आणि आठ कागद वस्तीत फिरत होते.

कुणाला काही न सांगता त्या दीड दिवस दारोदार हिंडल्या. पाक सारमिनकडून नेहमीच्या गिऱ्हाइकांची नावं घेतली आणि प्रत्येकाला एकच विचारलं, शनिवारपासून भजी खाल्लीत का, आणि कागदाचं काय केलंत. शिवणाचा नमुना चुकून गेलाय म्हणून सांगितलं. एक कागद पारव्याच्या पिंजऱ्याखाली अंथरलेला सापडला. एक टेबलाच्या आखूड पायाखाली. एकाची पतंगाची शेपटी झाली होती. तीन उकिरड्यात काठीनं उपसून मिळाले. सातवा एका म्हातारीनं मिरचीच्या चटणीच्या वाटीवर झाकला होता.

"गेन्डिस कोण हो?" म्हातारीनं विचारलं.

"कुणी नाही. नमुन्यातलं नाव."

"गोड आहे नाव."

बुधवारी दुपारपर्यंत एकवीस झाले. बाविसावा मिळेना. गटारं झाली, कचरागाडीवाला झाला, पाक सारमिनच्या बायकोलाही विचारून झालं, कारण शनिवारी संध्याकाळी कढईवर ती होती. तिला काही आठवेना. गर्दी होती म्हणाली.

बू तुतिक शिवणक्लासासमोर स्कूटरवर बसून राहिल्या. खूप दमल्या होत्या. एकच तर कागद. कुठंतरी गटारात कुजला असेल, नाहीतर बकरीनं खाल्ला असेल. आपण बोललो नाही तर कुणाला कळणार आहे? आतून गेन्डिसचा आवाज येत होता. दोनच दिवस झाले होते शाळेत जाऊन, आणि शनिवारच्या कार्यक्रमात तिला नाचात हरीण केलं होतं. कागदाचे कान लावून ती अंगणात उड्या मारत होती आणि बाया टाळ्या देत होत्या. हे थांबवायला आपल्याला आत जायचंय, या विचारानं बू तुतिकना स्वतःचाच इतका संताप आला की त्यांनी स्कूटरच्या आरशावर हात मारला. पण कुणी त्या कागदाचा फोटो काढला असेल, तर? गंमत म्हणून? आणि तो फिरत फिरत नको तिथं पोचला असेल, तर? त्या उतरल्या आणि आत गेल्या.

स्वयंपाकघरात त्यांनी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, काही सावरून घेतलं नाही. पैनेम ओट्याला टेकून रडायला लागली.

"तू गप गं," बू कुस म्हणाल्या. "तुला काय ठाऊक? तिक, तू... तूच असं करावंस?"

"हो. मीच."

विनार्ती चुलीपाशी उभी होती. तिनं शांतपणे विचारलं, "बाविसातला एक?"

"एक."

"कुठं असेल?"

"माहीत नाही."

"मग तो त्याच्याच हातात आहे असं धरायचं. तुम्हीच शिकवलंत ना, बू. जे माहीत नाही ते वाईटच धरायचं."

बू तुतिकना वाटलं, हिनं आपल्याला एक थोबाडीत मारावी. विनार्ती हात पुसून खोलीत गेली आणि तिचं सामान बांधून व्हायला भात शिजण्याइतकाही वेळ लागला नाही. तिच्या हाताला सवय होती.

"पण शनिवारी मी हरीण आहे!" गेन्डिस दारात उभी होती, कान डोक्यावर.

"हरणं पळतातच," विनार्ती म्हणाली. तिनं ते हसवायला म्हटलं होतं. मुलगी हसली नाही.

गुरुवारी सकाळी भाजीचा टेम्पो मागच्या दाराला लागला. कोबीच्या पोत्यांमागे दोघींना बसायची जागा केली होती. बू तुतिक पोती सरकवायला आल्या होत्या, दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

"म्बाक विनार्ती," तिला ताई म्हणत त्या म्हणाल्या, "मला माफ कर."

"मी रागावलेय तुमच्यावर," विनार्ती म्हणाली. "खूप रागावलेय. पण आत्ता रागवायला वेळ नाही, बू." तिनं मुलीला वर चढवलं.

"गेन्डिस, तिथं गेलीस की..." बू तुतिक बोलून गेल्या. तिथं कॉम्प्युटर आहे का, शाळा जवळ आहे का, कुठलं गाव, सगळं एकदम तोंडाशी आलं.

गेन्डिसनं तोंडावर बोट ठेवलं. या वेळी तिच्या चेहऱ्यावर खेळ नव्हता. टेम्पो निघून गेला.

त्या दिवशी बू तुतिकनी नियमाप्रमाणे मागमूस पुसला. फायली, नोंदी, तीन नंबरवरचं खातं. खात्याला कुलूप होतं आणि किल्लीचे चार शब्द टेम्पोबरोबर गेले होते, त्यामुळे आतली चित्रं त्यांना बघता आली नाहीत. त्यांनी ती न बघताच पुसली.

तीन आठवड्यांनी त्यांची स्कूटर भर रस्त्यात बंद पडली. ढकलत ढकलत गॅरेजपर्यंत नेली. बॅटरी बघायला मेकॅनिकनं सीट उचलली आणि कपाळावर हात मारला.

"बू, ही गाडी आहे का कचऱ्याची पेटी? काढा हे सगळं, मला बॅटरी दिसेना."

त्यांनी रेनकोट काढला, वायरी काढल्या, मग एकेक कागद. जुनं वर्तमानपत्र, कुणाचं तरी वीजबिल, आणि रेनकोटच्या घडीत चिकटलेला, तेलकट, लांबुडका एक कागद, आत दोन मिरच्यांचे वाळलेले देठ. मजकूर एवढासा होऊन मधोमध बसलेला. खाली दोन बोटं जागा कोरी.

तेव्हा त्यांना आठवलं. शनिवारी संध्याकाळी मशिदीचं काम उरकून त्या कोपऱ्यावर थांबल्या होत्या, भूक लागली होती. कढईवर सारमिनची बायको होती, मान वर न करता तिनं पुडी बांधून दिली. झाडाखाली स्कूटरवर बसूनच त्यांनी पाच तेम्पे खाल्ले, कागदाकडे न बघता. मग रस्त्यावर टाकायला नको म्हणून खणात कोंबला. दीड दिवस त्यांनी साऱ्या वस्तीला विचारलं, शनिवारपासून भजी खाल्लीत का. हे त्यांना मात्र कुणी विचारलं नव्हतं.

मेकॅनिक काहीतरी विचारत होता. बू तुतिक गॅरेजच्या पायरीवर बसल्या आणि रडल्या. त्रेपन्नाव्या वर्षी, दोन अनोळखी गिऱ्हाइकांदेखत, नाक ओढत.

शिवणक्लासात बू कुसनी कागद उलटापालटा करून बघितला आणि खुर्चीत मागे टेकल्या.

"चला. म्हणजे त्याच्या हाती काही लागलं नाही. सुटलो गं, तिक."

"आपण सुटलो. तिला कुठं ठाऊक आहे?"

बू कुसनी कागद टेबलावर ठेवला.

"ती तिथं रोज दाराकडे बघत बसली असेल," बू तुतिक म्हणाल्या. "कुणी हाक मारली तरी दचकत असेल. पोरीला शाळेत घातलं नसेल. आणि कागद इथं, माझ्या बुडाखाली! तिला कळवायला हवं, बू कुस. एवढंच कळवायचं, की सापडला."

"कुणाच्या हाती कळवू? कोबीवाला त्यांना अर्ध्या वाटेवर उतरवून आला. पुढची बाई कोण, तेही मला माहीत नाही. तूच तसं करून घेतलंस ना? भिंत बांध म्हटलं, तू बांधलीस. पक्की बांधलीस."

अंगणात पैनेमनं पिंप पेटवलं. बाविसावा कागद बाकीच्या एकविसांपेक्षा लवकर जळला, कारण तीन आठवडे खणात राहून तेल त्यात पार मुरलं होतं. बू तुतिक राख होईपर्यंत उभ्या राहिल्या आणि मग राख काठीनं ढवळून आत आल्या. त्या सकाळीच एक नवीन बाई येऊन बसली होती, कडेवर तान्हं मूल, हातात घट्ट धरलेला फोन. बू तुतिकनी तो मागून घेतला, बंद केला आणि नेहमीचं सगळं समजावायला लागल्या. नाव कुठं लिहायचं नाही, फोटो काढू द्यायचा नाही, इथून पुढं गेलीस की तू कुठं आहेस ते आम्हालाही कळणार नाही.

"तुम्हालापण नाही?" बाईनं घाबरून विचारलं. "काही सांगायचं राहिलं, तर?"

आठ वर्षांत या प्रश्नाला त्यांनी चटकन उत्तर दिलं होतं. आज त्यांनी आधी हातातला फोन उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"राहिलं तर राहिलं," त्या म्हणाल्या आणि फोनचं मागचं झाकण उघडायला नखानं फट शोधू लागल्या.